बेसवरून फायनलला वळतोय आणि उजव्या खिडकीत ट्विन! चूक कोणाची?

नवा_पंख
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण काल जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये. माझे उड्डाणाचे ४१ तास झालेत, सोलो (एकट्याने उडायला) लागून तीन आठवडे. टॉवर नसलेली धावपट्टी (म्हणजे कंट्रोलर नाही, पायलटच रेडिओवर एकमेकांना आपली जागा सांगतात, तोच "कॉल"), डावं सर्किट (उतरण्यासाठी डावीकडे वळत जाणारा चौकोनी फेरा: धावपट्टीला समांतर उलट दिशेने डाउनविंड, मग आडवा बेस, मग धावपट्टीच्या रेषेत फायनल), हाय-विंग (पंख केबिनच्या वर) दोन सीटर. एकटाच टच-अँड-गो (टेकवून लगेच परत उड्डाण) मारत होतो, चौथं सर्किट, हवा स्वच्छ, वारा जवळजवळ नाहीच. डाउनविंडला कॉल दिला, बेसला कॉल दिला, आणि फायनलला वळायला विमान झुकवणार तेवढ्यात उजव्या खिडकीत एक पांढरं ट्विन (दोन इंजिनांचं विमान), माझ्याच उंचीवर, धावपट्टीच्या रेषेत सरळ येतंय, इतकं जवळ की त्याची खाली काढलेली चाकं स्पष्ट दिसली. मग मी काय केलं ते मलाच तुकड्यातुकड्यात आठवतंय, पॉवर पूर्ण, डावीकडे वळण, वर. तो सरळ जाऊन उतरला, जणू काही झालंच नाही.

आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की त्याचा "पाच मैल, फायनल" हा कॉल मी ऐकला होता!! ऐकला, पण पाच मैल म्हणजे अजून लांब आहे, तोवर माझं उतरून होईल असं वाटलं आणि विसरूनही गेलो.

तर दोन प्रश्न. एक, चूक कोणाची? मी रीतसर सर्किटमध्ये होतो, तो बाहेरून सरळ घुसला. दुसरा, हे टाळायचं नेमकं कसं? कारण "डोळे उघडे ठेव" सगळेच सांगतात, पण मी डोळे उघडेच ठेवले होते हो.

कलमवाला
आधी नियम सांगतो. अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या विमान वाहतूक खात्याचं) कलम ९१.११३ आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की फायनलवर असलेल्या किंवा उतरत असलेल्या विमानाला अग्रहक्क, आणि दोन विमानं एकाच वेळी उतरायला येत असतील तर जे खाली असेल ते आधी. बाकी देशांतही साधारण असंच आहे. म्हणजे तो फायनलवर होता आणि तू बेसवर, तर हक्क त्याचा. सरळ फायनलला येणं बेकायदा नाही, भले तुला आवडो न आवडो.

पण त्याच कलमात पुढे असंही आहे की खाली असण्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. आणि एफएएचंच टॉवर नसलेल्या विमानतळांबद्दलचं परिपत्रक म्हणतं की सरळ येणाऱ्याने सर्किटमधल्या ट्रॅफिकचा ओघ बिघडवू नये. त्यामुळे तो एकदम साळसूद आहे असंही नाही. मला विचारशील तर पन्नास-पन्नास.

उजवी_सीट
चूक कोणाची ते बाजूला ठेव रे, ते काम जमिनीवर बसून करायचं असतं आणि ते करायला तुम्ही दोघं जिवंत आहात हे आधी चांगलं झालं. मी बरीच वर्षं उजव्या सीटवर बसून शिकवतोय, माझ्या दृष्टीने तुझी पहिली गडबड खिडकीत झालीच नाही, ती कानात झाली.

गणित कर. ट्विन १५० नॉटनी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आपले मैल सगळे सागरीच) येतंय समज, म्हणजे मिनिटाला अडीच मैल, म्हणजे पाच मैल बरोबर दोन मिनिटांत. आता तुझं बघ. डाउनविंडला धावपट्टीच्या टोकाच्या बाजूला आलास, पॉवर कमी केलीस, तिथून पाऊण मिनिट पुढे, अर्धं मिनिट बेस, पाऊण मिनिट फायनल. झाली की नाही दोन मिनिटं? म्हणजे त्याने "पाच मैल" म्हटलं तेव्हा तू टोकाच्या आसपास असशील तर तुम्ही दोघं एकाच वेळी एकाच जागी पोचणार हे तेव्हाच ठरलं होतं, आणि तू समजत होतास की तो लांब आहे. दुसऱ्याने मैल सांगितले की मनात त्याची मिनिटं करायची सवय लाव. आणि त्याचा वेग माहीत नसेल तर ट्विन म्हणजे तुझ्या दुप्पट धरून चाल.

असा कॉल ऐकल्यावर काय करायचं? बेसला वळायचंच नाही. डाउनविंड लांबव, रेडिओवर सांग की डाउनविंड लांबवतोय, फायनलवरच्या ट्विनच्या मागे दोन नंबर, आणि मग त्याला डोळ्यांनी शोध. तो तुझ्या पंखाच्या बाजूने उलट दिशेला निघून गेला, तू स्वतः बघितलास, की मग बेस. दिसलाच नाही तर? तर विचार त्याला, कुठे आहेस म्हणून. रेडिओ नुसता घोषणा करायला नाही दिलेला, माणसं बोलतात त्यावर.

आणि अजून एक, आत्ता सांगून ठेवतो. तू पॉवर देऊन डावीकडे, म्हणजे फायनलची रेघ न ओलांडता धावपट्टीला समांतर वळून वर गेलास, हे नशिबाने का होईना बरोबर केलंस. बरेच जण घाबरून त्या कमी वेगात विमान कचकन तिरकं करतात आणि काठी मागे ओढतात. बेस-टू-फायनलला, सात-आठशे फुटांखाली, तसं केलं तर टक्कर टळेल आणि स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली) जाशील. वळण बेताचंच ठेवायचं, नाक जास्त उचलायचं नाही, पॉवर आधी.

नवा_पंख
सर, हे मिनिटांचं मला कोणी असं सांगितलंच नव्हतं 🙏 पण एक कळत नाही, मी बेसवर असताना उजवीकडे बघितलं होतं. शपथेवर सांगतो बघितलं होतं. मग दिसला का नाही?

उजवी_सीट
किती वेळ बघितलंस? खरं सांग.

नवा_पंख
एक सेकंद असेल. मान वळवली, रिकामं आकाश, परत धावपट्टीकडे.

उजवी_सीट
मग बघितलं नाहीस, मान वळवलीस. डोळा फिरत असताना जवळजवळ काहीच टिपत नाही, तो थांबला की मगच दिसतं. म्हणून शिकवताना सांगतात की आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाड आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद थांब. शिवाय रिकाम्या आकाशाकडे बघताना डोळ्याचा फोकस आपोआप जवळ कुठेतरी येऊन बसतो, लांबचं पुसट होतं, त्यामुळे आधी क्षितिजावरचं काहीतरी ठळक बघून मग आकाश बघायचं.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. काचेवर जे विमान सरकताना दिसतं त्याची भीती नाही, ते पुढून नाहीतर मागून निघून जाणार. जे काचेवरच्या डागासारखं एकाच जागी चिकटून बसलंय ते तुझ्याकडे येतंय. आणि आपला डोळा बनलाय हलणाऱ्या वस्तू पकडायला, त्यामुळे नेमकं धडकणारंच विमान सगळ्यात कमी लक्षात येतं. ते बराच वेळ ठिपका राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतं. तू जे बघितलंस ना, चाकंबिकं, ते फुगल्यानंतरचं.

एफएएच्या एका परिपत्रकात तक्ता आहे: वस्तू दिसायला ०.१ सेकंद, हे विमान आहे हे ओळखायला १, आपण एकमेकांवर चाललोय हे समजायला ५, काय करायचं ते ठरवायला ४, हातपाय हलायला ०.४ आणि विमानाने प्रत्यक्ष वळायला २. एकूण १२.५ सेकंद. जवळ येण्याचा वेग १८० नॉट धरला तर तेवढ्यात सहा दशांश मैलापेक्षा जास्त अंतर संपतं, म्हणजे किलोमीटरहून थोडं जास्त. आणि तेवढ्या अंतरावर छोटं विमान समोरून कसं दिसतं माहितीये? पंखांची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राएवढी, पण चंद्र नाही, नुसती एक बारीक रेघ.

दोन_इंजिन
मी तो काल वाला ट्विन नाही हे आधीच सांगतो 😅 पण आमची बाजू पण कोणीतरी मांडायला पाहिजे. आम्ही इन्स्ट्रुमेंट अप्रोच करून (बाहेर न बघता उपकरणांवरून) येतो तेव्हा ढगातून बाहेर पडतानाच धावपट्टीच्या रेषेत असतो, तिथून मुद्दाम बाजूला जाऊन डाउनविंड मारणं कधीकधी जास्त धोक्याचं असतं, जड विमान, जास्त वेग, आणि छोट्यांच्या रांगेत आपण घुसलो तर मागून आपणच कोणालातरी गाठणार. त्यामुळे सरळ येणारे सगळे माजोरडे नसतात बरं का. हवा स्वच्छ असेल आणि सर्किटमध्ये तीन-चार जण असतील तर मी स्वतः सरळ येत नाही. पण "सरळ येणं म्हणजे गुन्हा" हे शिकाऊ पोरांच्या डोक्यात भरवू नका.

कलमवाला
गुन्हा कोणीच म्हटलं नाही, वर वाचा. पण वेग कमी करायला कोणी अडवलंय? कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला १८ ऑगस्ट २०२२ ला काय झालं ते वाचलं असेलच. सेस्ना १५२ (छोटं, एका इंजिनाचं) सर्किटमध्ये, सेस्ना ३४० (ट्विन) दहा मैलांपासून सरळ येतंय, दोघेही कॉल देतायत, दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतंय. ३४० फायनलवर साधारण १८० नॉटनी आलं. १५२ च्या पायलटने शेवटी रेडिओवर सांगितलं पण होतं की तू मागून फार जोरात येतोयस, मी गो-अराउंड करतो (उतरणं सोडून परत वर जातो). काही सेकंदांत टक्कर, तिघं गेले. एनटीएसबीने (तिथल्या अपघात तपास खात्याने) कारण दिलं की सरळ फायनलला येणाऱ्या ३४० च्या पायलटने १५२ ला बघून टाळलं नाही.

दोन_इंजिन
मान्य. १८० नॉटचं समर्थन मी करणार नाही. आमच्यातले शहाणे दहा मैलांवरच वेग उतरवतात. आणि आमच्या लोकांची अजून एक वाईट सवय, अप्रोचच्या चार्टवरच्या पॉइंटचं नाव घेऊन कॉल देतात. शिकाऊ पोराला त्या नावाचा काय पत्ता लागणार? किती मैल, कुठली दिशा, किती उंची, एवढं सांगावं माणसाने.

डबा_विमान
माझ्या विमानात रेडिओच नाही. वीजच नाही त्यात, पंखा हाताने फिरवून सुरू करतो, १९४६ चं आहे. आणि हे पूर्णपणे कायदेशीर आहे बरं, टॉवर नसलेल्या बऱ्याच ठिकाणी रेडिओची सक्ती नसते. तेव्हा "कोणी बोललं नाही म्हणजे कोणी नाही" हे डोक्यातून काढून टाका सगळ्यांनी. फ्रिक्वेन्सी चुकलेली असते, आवाज कमी करून ठेवलेला असतो, दोघं एकाच वेळी बोलले की नुसती किंचाळी ऐकू येते, आणि एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूच्या चार धावपट्ट्या वापरत असतात. म्हणून तर कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे विमानतळाचं नाव घ्यायला सांगतात, ते शोभेला नाहीये.

मी काय करतो ते सांगतो. सर्किटमध्ये घुसायच्या आधी लांबून, वरून एक मोठा फेरा मारून बघतो कोण कुठली धावपट्टी वापरतंय. वारा पडलेला असला की फार जपायचं, कारण एक जण या टोकाने उतरतोय आणि दुसरा समोरच्या टोकाने, दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. मग ठरलेल्या उंचीवरच, ठरलेल्या जागेवरच, ठरलेल्या आकाराचं सर्किट, म्हणजे मी जिथे असायला पाहिजे तिथेच असतो आणि शोधणाऱ्याला सापडतो. दोन मैल लांब डाउनविंड मारणारे लोक मला सगळ्यात घातक वाटतात, ते कुणाच्याच नजरेच्या टप्प्यात नसतात.

पडदा_बघ्या
अहो पण आता एडीएस-बी आहे की, विमान स्वतःच आपली जागा सतत प्रसारित करतं! टॅबलेटवर सगळं ट्रॅफिक दिसतं. मी तर त्याशिवाय उडतच नाही. त्या ट्विनचा वेग, उंची, दिशा सगळं मिळालं असतं, गणितबिणित काही करावं लागलं नसतं.

डबा_विमान
मी दिसलो असतो का तुमच्या टॅबलेटवर? 🙂

उजवी_सीट
डबासाहेबांनी बरोबर ठिकाणी टाचणी लावली. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउटची (जागा प्रसारित करणाऱ्या यंत्राची) सक्ती आहे, पण ती ठरावीक एअरस्पेसमध्ये (हवाई हद्दींत), आणि मुळातच वीज नसलेल्या जुन्या विमानांना त्यातही सवलत आहे. छोट्या धावपट्टीच्या सर्किटमध्ये कोणीतरी पडद्यावर नसणार हे धरूनच चालायचं.

तरीपण मी पडद्याच्या विरोधात नाही, उलट. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास खात्याचा १९९१ चा "बघा आणि टाळा" पद्धतीच्या मर्यादांवरचा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की कुठे बघायचं हे आधी कळलेल्या माणसाचं शोधणं न कळलेल्याच्या आठपट परिणामकारक असतं. आठपट! म्हणजे रेडिओ काय, पडदा काय, शेजारी बसलेला प्रवासी काय, त्यांचं काम एकच, मान कुठल्या दिशेला वळवायची ते सांगणं. मग मान वळवायचं काम आपलं. मी पोरांना सांगतो पडदा डाउनविंडला येण्याआधी बघ, झूम दोन-तीन मैलांवर आण, आणि बेसनंतर त्याच्याकडे बघायचं नाही. कारण तिथली ती खूण सेकंदभर का होईना जुनी असते, आणि बेस-टू-फायनलला नजर मांडीवरच्या टॅबलेटवर असण्यापेक्षा वाईट जागा दुसरी नाही.

पडदा_बघ्या
बरं बाबा, हरलो. पण आवाजी सूचना कानात येते ती तरी चालेल ना?

उजवी_सीट
ती चालेल. ती तर पाहिजेच.

माजी_टॉवर
मी बरीच वर्षं टॉवरमध्ये काढलीत. एक गैरसमज दूर करतो, टॉवर असला म्हणजे सुटलो असं नाही. बहुतेक छोट्या टॉवरखालच्या एअरस्पेसमध्ये दोन व्हीएफआर (डोळ्यांनी बघून उडणाऱ्या) विमानांना हवेत एकमेकांपासून दूर ठेवणं हे कंट्रोलरचं काम नसतं. तो रांग लावतो, कोण कुठे आहे ते सांगतो, धावपट्टीवर दोघं एकत्र येऊ देत नाही. हवेत बघून टाळायचं काम पायलटचंच राहतं.

१२ मे २०२१, डेन्व्हरजवळचा सेंटेनियल विमानतळ, टॉवर चालू, समांतर धावपट्ट्या. एक सिरस (छोटं, एका इंजिनाचं विमान) फायनलला वळताना आपल्या धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलं आणि शेजारच्या धावपट्टीवर उतरत असलेल्या मेट्रोलायनरला (मोठ्या ट्विनला) धडकलं. सिरस पॅराशूटवर खाली आलं, मेट्रोलायनर पाठीला भलंमोठं भगदाड घेऊन उतरलं, आणि तिघांपैकी कोणालाही ओरखडा नाही. दरवेळी असं नशीब नसतं. दोघं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होते, त्यामुळे एकमेकांचं ऐकतही नव्हते. समांतर धावपट्ट्या असतील तिथे फायनलचं वळण लवकर सुरू करा, आणि रेषा ओलांडली जातेय असं वाटलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या.

आणि आम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची सांगू? "ट्रॅफिक इन साइट" या तीन शब्दांची. मी सांगतो, दोन नंबर, पुढे बेसवरच्या सेस्नाच्या मागे जा. तिकडून लगेच उत्तर, इन साइट. आणि त्याने बघितलेलं असतं तिसरंच कुठलंतरी विमान! आता तो निवांत त्याच्या मागे मागे, आणि ज्याच्या मागे जायला सांगितलं तो याच्या पोटाखाली. दिसलं नसेल तर "दिसत नाही" म्हणा हो, कंट्रोलर रागावत नाही. रागावला तरी रागावू दे.

नवा_पंख
पोटाखाली म्हणजे?

माजी_टॉवर
लो-विंग वर, हाय-विंग खाली, दोघं एकाच फायनलवर, एकाच दिशेने. वरच्याला स्वतःच्या पंखामुळे आणि नाकामुळे खालचं दिसत नाही, खालच्याच्या डोक्यावर स्वतःचाच पंख. वरचा थोडा जास्त वेगाने, थोडा जास्त उताराने येतोय. दोघंही धावपट्टीकडे टक लावून बसलेत. अशी टक्कर हळूहळू होते, आणि शेवटपर्यंत दोघांनाही पत्ता नसतो.

उजवी_सीट
आणि तुझं हाय-विंग आहे म्हणून हे वेगळं लक्षात ठेव. वळताना आतल्या बाजूचा पंख खाली येऊन नेमकं जिकडे वळतोयस तेच झाकतो. म्हणून वळायच्या आधी, विमान सपाट असताना, त्या बाजूला बघून घ्यायचं, वाटलं तर पंख जरा उचलून. बेसवर असताना उजवीकडे फायनलची पूर्ण लांबी, पंखाच्या वर आणि खाली दोन्हीकडे, मग समोर, कारण समोरून कोणी उलट्या बेसवर येत असू शकतो, आणि मग डावीकडे. हे सगळं करून मग वळ.

बाजूला वारा
मध्येच विचारतो, बाहेरून येताना सर्किटमध्ये घुसायचं कसं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कलमवाला
कारण प्रत्येक देशात वेगळं आहे. अमेरिकेत ४५ अंशात डाउनविंडच्या मध्याला येऊन मिळतात, सर्किटच्या उंचीवर, जी सहसा जमिनीपासून १,००० फूट. ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या २,००० फूट वरून येतात, सर्किट नसलेल्या बाजूला उतरतात, मग आत शिरतात. दुसऱ्या देशात उडायला जाल तर तिथलं आधी वाचा. एक गोष्ट मात्र कुठेही करू नका, उतरत उतरत सर्किटमध्ये घुसू नका. खाली कोण आहे ते दिसत नाही.

विनामोटर
ग्लायडरवाल्यांकडून एक छोटी विनंती. आम्हाला गो-अराउंड नाही. एकदा फायनलला आलो की आलो. नियमानेही मोटर असलेल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची असते. आमचं सर्किट तुमच्यापेक्षा आखूड आणि उंच असतं आणि कधीकधी विरुद्ध बाजूलाही, तेव्हा धावपट्टीजवळ ग्लायडर उडतात असं वाचलं असेल तर आतल्या बाजूला पण बघत चला. आमच्याकडे फ्लार्म (टक्कर होण्याआधी इशारा देणारं यंत्र) असतं, २००४ ला स्वित्झर्लंडमध्ये निघालं, पण समोरच्याकडेही ते असेल तरच उपयोगाचं.

माजी_टॉवर
रेडिओचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट, हवेतली नाही, धावपट्टीवरची, पण मला कायम आठवते. नोव्हेंबर १९९६, इलिनॉयमधलं क्विन्सी, टॉवर नाही. एक छोटं प्रवासी विमान उतरतंय, आडव्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर (ट्विन) उभं. उतरणाऱ्यांनी रेडिओवर विचारलं, टोकावरचं विमान थांबणार आहे ना? उत्तर आलं, थांबलोय अशा अर्थाचं. पण ते दिलं किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच छोट्या विमानाने, आणि त्यातले नेमके शब्द उतरणाऱ्या कॉकपिटमधल्या उंचीच्या आवाजी सूचनेने बुडाले. यांना वाटलं किंग एअरच बोललं. किंग एअर निघालं. दोन धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे टक्कर, १४ जण गेले.

विचारलं सगळ्यांनी, उत्तरही आलं. फक्त कोण बोललं ते कोणी तपासलं नाही.

नवा_पंख
हे वाचून अंगावर काटा आला. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये कॅनडात मॅनिटोबाला दोन शिकाऊ सोलो पायलट उतरायच्या सरावात धडकून गेले ती बातमी वाचली होती तेव्हा वाटलं होतं, रेडिओ असून असं कसं होतं. आता कळतंय.

आज इन्स्ट्रक्टरबरोबर दोन तास सर्किटं केली. दोनदा डाउनविंड लांबवला, एकदा एकाचा कॉल नीट कळला नाही म्हणून सरळ विचारलं, "फायनलवरचं विमान, कुठे आहात?" उत्तर आलं, दोन मैल. इतकं सोपं होतं हे. आणि बेसवर तुकडे पाडून बघायला लागलं की तो बेस किती छोटा वाटतो हो, वेळ पुरतच नाही, म्हणून आता चेकलिस्ट डाउनविंडलाच संपवतोय.

कलमवाला
शाब्बास. आणि हो, "या भागात कोणी ट्रॅफिक असेल तर कळवा" असला कॉल कधी देऊ नकोस. एफएएसुद्धा नको म्हणतं. दहा जण एकदम बोलतात आणि कोणाचंच कळत नाही.

दोन_इंजिन
आणि गो-अराउंड करताना धावपट्टीच्या अगदी वरून जाऊ नको, सर्किट नसलेल्या बाजूला जरा सरक. तुझ्या पोटाखालून कोणी टेकऑफ करत असेल तर दिसेल तरी.

नवा_पंख
मंडळी, एक शेवटचं. काल संध्याकाळी तो ट्विनवाला पेट्रोल भरताना भेटला. वयस्कर माणूस, फार चांगला. मी म्हटलं काका परवा मी बेसवर होतो. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले तुझा बेसचा कॉल मी ऐकला होता, आणि तुला शोधत पण होतो, पण मी उजवीकडे शोधत होतो. त्या धावपट्टीवर ते पहिल्यांदाच आले होते, आणि त्यांच्या नेहमीच्या ठिकाणी सर्किट उजवं आहे. मी त्यांच्या डावीकडून येत होतो. मला त्यांनी शेवटपर्यंत बघितलंच नाही, मी वर गेल्यावर सावली हलल्यासारखं वाटलं म्हणाले.

उजवी_सीट
तू कॉल देताना "लेफ्ट बेस" म्हणाला होतास का?

नवा_पंख
नाही सर. नुसतं बेस.